कुर्सुराच्या पोटात

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर ‘आयएनएस कुर्सुरा’ ही पाणबुडी वाळूवर उभी आहे. सोव्हिएत बनावटीची ही नौका डिसेंबर १९६९ मध्ये नौदलात आली, फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून संग्रहालय झाली. ९१ मीटर लांबीचे ते धूड पाहून विद्यार्थी हरखले, आम्ही शिक्षकही.

आत शिरल्यावर नळ, झडपा, तबकड्या आणि गणवेशातले पुतळे. आमच्याबरोबरचे मार्गदर्शक निवृत्त नौसैनिक होते. इंजिने, वेग, खोली असे पाठ केलेले आकडे ते सांगत होते. एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, “काका, आंघोळ कुठे करायचे?” ते थबकले, हसले. गोडे पाणी पिण्यापुरतेच, अंघोळ बंदरात. एकाच्या पाळीनंतर त्याच उबदार बिछान्यावर दुसरा झोपायचा. विजेरीवर चालताना आवाज नको म्हणून हाक मारायचीही चोरी. डिझेलचा वास घरी गेल्यावरही कातडीतून जात नसे. तेवढ्यात मागची तुकडी आली आणि ते पुन्हा आकड्यांकडे वळले.

माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. संग्रहालय म्हणजे काय, याच्या आपल्या कल्पनेबद्दल आहे. आपण पोलाद जपतो आणि त्यात राहिलेल्या माणसाला पुतळा करतो. पोलाद तरी कुठे नेहमी जपतो म्हणा! मुंबईत ‘विक्रांत’ २००१ ते २०१२ संग्रहालय होती. २०१४ मध्ये तिची मोडतोड सुरू झाली. कुर्सुराच्या भगिनींपैकी ‘खांदेरी’ आणि ‘करंज’ ही नावे तर आपल्याच कोकणकिनाऱ्याची. आज ती नव्या पाणबुड्यांवर आहेत. जुन्यांपैकी संपूर्ण उरली ती एकटी कुर्सुरा.

याच किनाऱ्यासमोर, डिसेंबर १९७१ मध्ये, पाकिस्तानची ‘गाझी’ सर्व खलाशांसह बुडाली. ती भारतीय माऱ्याने बुडाली की आतल्या स्फोटाने, हा वाद अजून मिटलेला नाही. सांगायला कोणी वर आलेच नाही. कुर्सुरावरची माणसे मात्र परत आली. ती आज वृद्ध आहेत, आणि त्यांचे सांगणे कोणत्याही फलकावर नाही. त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून प्रत्येक कप्प्यात ऐकवायला असा कोणता मोठा खर्च लागतो? आमच्या मराठी विभागांनाही हे सांगायला हवे. दर्यावर्दींची बोली आणि अनुभव हा आपल्या अभ्यासाचा विषय आहे असे आम्हांला कधी वाटलेच नाही.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा काका पुढच्या तुकडीला टॉर्पेडोच्या नळ्या मोजून दाखवीत होते: पुढे सहा, मागे चार.