पायऱ्यांचा मज्जाव

सार्वजनिक इमारतीचे दार सर्वांस मोकळे आहे एवढे म्हणून भागत नाही. दारापुढील तीन पायऱ्या चाकांच्या खुर्चीवरील माणसास मज्जावच करितात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास, नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम २०१७ साली निघाले, मुदत २०२२ साली संपली. पुष्कळ ठिकाणच्या पायऱ्या मात्र तशाच आहेत! सुगमतेची मानके केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी कायद्याशी विसंगत ठरविला. चौघांनी उचलून आत नेणे ही दया झाली, हक्क नव्हे. आपल्या विहाराचा पाया खोदण्यापूर्वीच गवंड्यास सांगा की, एक फूट उंचीस बारा फूट लांबीचा उतार हवा. मागाहून तेवढी जागा उरत नाही.