न मरणारा ऋणको

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमधील बँका कोसळत असतानाच इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे तत्कालीन अध्यक्ष लॉर्ड ट्रीझमन यांनी इंग्लिश फुटबॉलवरील एकूण कर्जाचा अंदाज सुमारे ३०० कोटी पौंड असा सांगितला आणि या प्रश्नावर दोन तट पडले. एका तटाला मंदीच्या लाटेत एकामागून एक क्लब बुडताना दिसू लागले, तर दुसऱ्या तटाने ही भीतीच निराधार ठरवली. पहिल्याचे भाकीत बहुतांशी खोटे ठरले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तेवढ्याने दुसऱ्याचे म्हणणे सिद्ध होत नाही, आणि प्रस्तुत विवेचनाचा रोख या दुसऱ्या, अधिक समर्थ पक्षाकडे आहे.

हा पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे न्यायाचे होईल. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी मंदीच्याच काळात, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवले की, १९२३ साली इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये असलेल्या ८८ क्लबांपैकी तब्बल ८५ क्लब आठ दशकांनंतरही अस्तित्वात होते. मधल्या काळात जागतिक महामंदी आली, महायुद्ध झाले, ऐंशीच्या दशकात कारखाने बंद पडून गावेच्या गावे ओस पडली. मोठमोठ्या कंपन्या नामशेष झाल्या, पण क्लब टिकले. शिवाय २००९ च्या फेब्रुवारीत, म्हणजे मंदी ऐन भरात असताना, प्रीमियर लीगने पुढील तीन हंगामांचे देशांतर्गत प्रक्षेपणहक्क सुमारे १७८ कोटी पौंडांना, म्हणजे आधीच्या करारापेक्षा जास्त किमतीला विकले. ज्या धंद्यातील ऋणको मरत नाही आणि ज्याचे उत्पन्न मंदीतही वाढते, त्याच्या कर्जाची चिंता कशाला, असा या पक्षाचा सवाल आहे.

यातील आकडे बरोबर आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. क्लब मरत नाही याचा अर्थ त्याचे कर्ज फिटते असा होत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी माथी जाते, एवढाच होतो. ते कोणाच्या माथी गेले, हे पोर्ट्समथच्या उदाहरणावरून जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल. सुमारे २० हजार प्रेक्षकांच्या फ्रॅटन पार्क या जुन्या मैदानावर खेळणाऱ्या या क्लबाने आपल्या उत्पन्नाला न पेलणाऱ्या पगारांवर नामवंत खेळाडू गोळा करून २००८ चा एफए कप जिंकला. ऋण काढून सण साजरा करण्याचा हा प्रकार मालकाच्या पाठबळावर चालला होता, आणि ते पाठबळ आटताच २००९-१० या एकाच हंगामात क्लबाने चार मालक पाहिले. २६ फेब्रुवारी २०१० रोजी तो ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’मध्ये गेला. देणी भागवू न शकणाऱ्या कंपनीचा कारभार मालकाच्या हातून काढून प्रशासकाकडे सोपवण्याची आणि तोवर धनकोंना रोखून धरण्याची ही कायदेशीर व्यवस्था आहे, आणि प्रीमियर लीगमध्ये असताना तिचा आसरा घेणारा पोर्ट्समथ हा पहिलाच क्लब होय. लीगने त्याचे नऊ गुण कापले, प्रशासकाने ऐंशीहून अधिक कर्मचाऱ्यांना घरी बसवले, आणि त्याच मे महिन्यात हा क्लब वेंब्लीवर पुन्हा एफए कपचा अंतिम सामना खेळला.

दिवाळखोरीत धनकोंची रांग कशी लागते, हेही येथेच पाहिले पाहिजे. इंग्लिश फुटबॉलमध्ये ‘फुटबॉल धनको’ नावाचा एक नियम आहे. त्यानुसार अडचणीतील क्लबाला लीगमध्ये राहायचे असेल तर खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांना द्यावयाच्या हस्तांतरणाच्या रकमा यांसारखी खेळाच्या वर्तुळातील देणी पै न् पै चुकती करावी लागतात, आणि उरलेल्या बिनतारणी धनकोंनी शिल्लक राहील ते वाटून घ्यायचे असते. पोर्ट्समथच्या अशा धनकोंपुढे दर पौंडामागे २० पेन्स, तेही हप्त्याहप्त्याने, असा प्रस्ताव आला. या धनकोंत ब्रिटनचे करखाते होते, स्थानिक पुरवठादार होते, आणि मैदानावर प्रथमोपचाराची सेवा देणारी सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स ही धर्मादाय संस्थाही होती. जखमी प्रेक्षकाला उचलून नेणाऱ्याने आपल्या बिलाचा पाचवा हिस्सा घ्यावा आणि लक्षावधी पौंड कमावणाऱ्या आघाडीवीराला पूर्ण पगार मिळावा, ही व्यवस्था ज्यांना ‘टिकाऊपणा’ वाटते त्यांनी तो शब्द एकदा तपासून घ्यावा. करखात्याने या नियमालाच उच्च न्यायालयात आव्हान दिले, परंतु २०१२ साली ते फेटाळले गेले.

क्लब मुळात मरत का नाही, याचेही उत्तर पूर्वपक्षाने नीट दिलेले नाही. २०१० साली मुंबईचा महिंद्र युनायटेड हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला संघ कंपनीने हंगामअखेर बंद केला. संघ कर्जबाजारी नव्हता, कंपनीचे धोरण बदलले एवढेच, आणि एका निर्णयासरशी तो इतिहासजमा झाला. इंग्लंडमधील क्लब असा एका सहीने संपत नाही, कारण मालक पळाला तरी दुसऱ्या शनिवारी हजारो लोक तिकीट काढून त्याच मैदानावर येतात आणि दुसऱ्या क्लबाकडे कदापि वळत नाहीत. गिऱ्हाईक दुकान बदलत नाही, हीच या धंद्यातील खरी मालमत्ता होय. सावकार तारण म्हणून कागदावर मैदान लिहून घेतो, पण प्रत्यक्षात गहाण पडते ती ही निष्ठा. आणि ज्यांची ती आहे त्यांची सही त्या कागदावर कोठेच नसते.

दुसरा आक्षेप असा की, कर्ज हा कोणत्याही उद्योगाचा प्राण आहे, मग क्लबांनाच सोवळे का? येथे कर्जाकर्जांत भेद न केल्याने गफलत होते. आर्सेनलने कर्ज काढून नवे मैदान बांधले, ते २००६ मध्ये खुले झाले आणि त्याच्या वाढीव उत्पन्नातून कर्जफेड होऊ लागली. याला कोणी नावे ठेवण्याचे कारण नाही. मँचेस्टर युनायटेडची गोष्ट निराळी आहे. २००५ साली माल्कम ग्लेझर यांनी सुमारे ७९ कोटी पौंड मोल देऊन तो क्लब घेतला, पण त्यातील मोठा भाग कर्जाऊ होता आणि त्याचा बोजा खरेदीनंतर, तोवर कर्जमुक्त असलेल्या क्लबावरच चढला. विकत घ्यावयाच्या वस्तूच्या जिवावरच तिच्या खरेदीचे कर्ज काढण्याच्या या पद्धतीस ‘लिव्हरेज्ड बायआउट’ म्हणतात. मराठीत तिला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणता येईल. त्यानंतरही क्लबाने अजिंक्यपदे जिंकली, हे खरे. पण २०१० च्या जानेवारीत जुने कर्ज फेडण्यासाठी सुमारे ५० कोटी पौंडांचे नवे रोखे काढावे लागले, आणि त्या व्याजातून मैदानाची एक वीटही उभी राहिली नाही. लिव्हरपूलवर हीच वेळ आली तेव्हा कर्ज देणारी रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड स्वतःच सरकारच्या पैशावर तगलेली होती. टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट या मालकांचा विरोध न्यायालयात मोडून काढून २०१० च्या ऑक्टोबरमध्ये क्लब सुमारे ३० कोटी पौंडांना विकला गेला.

यावर तिसरा पक्ष पुढे येतो आणि म्हणतो, बँक नको तर दाता मालक असावा. वेस्ट हॅमला असा दाता लाभला होता. ब्यॉर्गोल्फुर गुडमुंडसन हे आइसलंडच्या लँड्सबँकी या बँकेचे अध्यक्ष होते. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ती बँक कोसळली आणि लंडनच्या पूर्व भागातील क्लबाचा ताबा पुढल्या वर्षी धनकोंच्या हाती गेला. २०१० च्या नोव्हेंबरात पुण्याच्या वेंकीज समूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. १९९५ चा हा प्रीमियर लीग विजेता दीड वर्षातच वरच्या श्रेणीतून घसरला आणि २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीपर्यंत खाली गेला. पुण्याच्या मालकांना तेथे बोल लावणे सोपे झाले असले, तरी त्यांनी वर्षानुवर्षे तूट आपल्या खिशातून भरली, हेही नमूद केले पाहिजे. मुद्दा त्यांच्या हेतूचा नाहीच. पुढे भारतातील एका चौकशीमुळे पैसा पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली, तेव्हा लँकेशायरमधील गिरणगावाच्या क्लबाचे अंदाजपत्रक दिल्लीच्या कोर्टातील तारखांवर अवलंबून राहिले. दाता कितीही दिलदार असो, दान थांबण्याचे कारण क्लबाच्या हाती नसते.

तेव्हा मंडन करावयाचे ते काटकसरीचे नव्हे, हक्काचे. खरेदीचे कर्ज खरेदीदारावरच राहावे, क्लबावर चढू नये. धनकोंच्या रांगेत खेळाडू आणि प्रथमोपचारक एकाच पायरीवर उभे असावेत. आणि विक्री, मैदान व नाव यांबाबत चाहत्यांच्या संघटित मताला कायदेशीर वजन असावे. जर्मनीत १९९८ पासून निम्म्याहून एक जास्त मत सभासदांच्या संस्थेकडे ठेवणारा ‘पन्नास अधिक एक’ हा नियम आहे. विरोधक येथे डॉर्टमुंडकडे बोट दाखवतात, आणि ते योग्यच आहे, कारण हा नियम असतानाही तो क्लब २००५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोचला होता. मालक कोण, हे तो नियम ठरवतो. मालकाने किती उसने घ्यावे, हे ठरवत नाही. म्हणूनच दोन्ही बंधने एकत्र हवीत, आणि २०२५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये स्वतंत्र नियामक नेमला गेला तो याच दिशेने पडलेले, जरी उशिराचे, पाऊल आहे.

पोर्ट्समथ २०१२ मध्ये दुसऱ्यांदा अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, चौथ्या श्रेणीपर्यंत घसरला, आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये चाहत्यांच्या न्यासाने प्रत्येकी १,००० पौंडांचे शेअर विकून तो ताब्यात घेतला. पुढे २०१७ मध्ये याच भागधारकांनी तो मायकेल आयस्नर यांच्या कंपनीला विकला, म्हणून चाहत्यांची मालकी फसली असे सांगितले जाते. पण ही विक्री जुनी देणी फेडून झाली आणि भागधारकांच्या मतदानाने झाली. २००९-१० च्या हंगामात क्लब चार हातांतून फिरला तेव्हा फ्रॅटन पार्कच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या कोणालाही काही विचारले गेले नव्हते.