संगणकाशी गट्टी : एकाच मुलीचं नाव चारदा!

माझी भाची मोहोळला राहते. नववीत आहे. गेल्या हिवाळ्यात तिच्या वर्गाची सहल नळदुर्गला निघाली होती. किल्ला, पाणीमहाल आणि नशिबात असलं तर नर-मादी धबधबे! गाडीत जागा 50. नावं कागदावर घेण्याऐवजी भाचीने पायथॉनमध्ये एक फॉर्म तयार केला. 50 नावं झाली की फॉर्म आपोआप बंद. दुसऱ्याच दिवशी तो बंद झालासुद्धा. स्वारी खूश!

पण बाई पैसे गोळा करायला बसल्या तेव्हा मुलं भरली फक्त 41. यादी नीट पाहिली, तर एका मुलीचं नाव चारदा, दोघांचं तीनदा, आणखी दोघांचं दोनदा. तिकडे सीनेपलीकडच्या एका गावातली मुलगी आत्याच्या फोनवर ‘जागा संपल्या’ वाचून घरी रडत बसली होती. गाडीत तर नऊ जागा रिकाम्या!

भाचीचा संताप अनावर. “मामा, पोरं मुद्दाम करतात!”

मुद्दाम नव्हतं बरं का. फॉर्म पाठवला की तिथेच पान उमटायचं, ‘तुमचं नाव घेतलं. भरलेल्या जागा : 23.’ आता किती झाल्या, हे बघायची कुणाला घाई नसते? मुलं ‘रीफ्रेश’चं बटण दाबत. फोन विचारी, फॉर्म पुन्हा पाठवू का? तो प्रश्न कोण वाचतो? दाबलं ‘हो’. गेलं नाव पुन्हा!

यातली गंमत अशी. ब्राउझर संगणकाकडे मुख्यतः दोन तऱ्हेने मागणी करतो. ‘गेट’ म्हणजे नुसतं पान दाखव. ‘पोस्ट’ म्हणजे हे घे आणि नोंदवून ठेव. रीफ्रेश म्हणजे शेवटची मागणी पुन्हा करणं. शेवटची मागणी ‘पोस्ट’ असेल तर नोंदही पुन्हा होणार.

समजा, तुम्ही एका खिडकीवर अर्ज दिलात. कारकुनाने शिक्का मारला आणि ‘किती अर्ज आले?’ असं विचारलं की तो म्हणतो, ‘आणखी एक अर्ज द्या, मग सांगतो.’ भाचीचा फॉर्म असाच होता. शहाणा कारकून काय करेल? अर्ज ठेवून घेईल आणि म्हणेल, ‘झालं काम. यादी पलीकडच्या भिंतीवर आहे, तिकडे बघा.’ भिंतीवरची यादी शंभरदा वाचा, अर्ज वाढत नाही.

‘तिकडे बघा’ म्हणण्यासाठी वेबच्या भाषेत चक्क एक आकडा आहे, 303. तो 1997 सालच्या एचटीटीपी 1.1 या नियमावलीत आला. त्याआधी 302 होता, पण तिकडे जाताना पुन्हा ‘पोस्ट’ करायचं की ‘गेट’, याचा घोळ होता. 303 ने तो मिटवला. सर्व्हर हा आकडा आणि नवा पत्ता पाठवतो, ब्राउझर मुकाट्याने त्या पत्त्यावर ‘गेट’ करतो. तुम्हाला कळतही नाही.

भाचीने वापरलं होतं फ्लास्क. (ऑस्ट्रियाच्या आर्मिन रोनाखरने 2010 साली एप्रिल फूलची थट्टा म्हणून एक छोटी चौकट केली, लोकांना ती खरीच वाटली, आणि त्यातून फ्लास्क जन्मलं!) नाव नोंदवल्यावर पान परत देण्याच्या जागी तिने एवढंच लिहिलं. इथे देवनागरीत देतो, तुम्ही टाइप करताना रोमन लिपीत करा :

रिटर्न रीडायरेक्ट(यूआरएल_फॉर('यादी'), कोड=303)

‘यादी’ हे यादीचं पान दाखवणाऱ्या फंक्शनचं नाव. जँगो वापरणाऱ्यांनाही त्याच्या शिकवणीत हेच सांगितलेलं आहे.

मात्र एक ध्यानात ठेवा. नाव लिहायचं राहिलं किंवा काही चुकलं, तर कुणाला पुढे पाठवू नका. तोच फॉर्म चूक दाखवून परत द्या, नाहीतर बिचाऱ्याने लिहिलेलं सगळं पुसलं जातं.

एवढ्याने सगळं भागलं का? छे! नेटवर्क रडत असलं की मुलं उत्तर यायच्या आधीच बटण दोनदा दाबतात. तिथे 303 काही करू शकत नाही, कारण दोन्ही अर्ज खिडकीत पोचलेलेच असतात. म्हणून नोंदवहीतच अट हवी, एका हजेरी क्रमांकाला एकच जागा. भाचीने तीही घातली. यादीतली जादा नावं काढली, फॉर्म पुन्हा उघडला, आणि आत्याच्या फोनवरून पहिलं नाव आलं ते त्या मुलीचं.

दुसरं नाव मात्र येईना. ‘हा क्रमांक आधीच आहे!’ भाची चक्रावली. मग उमगलं, वर्गाच्या दोन तुकड्या, आणि सात नंबर दोन्हीकडे! आता तिथे तुकडी आणि क्रमांक अशी जोडी तपासली जाते.