टेन्शन आलं की सिगारेट?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गाला आठवीतला एक मुलगा येतो. चुणचुणीत, कबड्डीत तरबेज. मागच्या महिन्यात शाळेच्या संघातून त्याला वगळलं आणि त्याच संध्याकाळी तो मला टपरीमागे दिसला. हातात सिगारेट! मला पाहताच ती खाली टाकून टाचेनं चिरडली, तीही अगदी हीरोसारखी. ‘काय रे हे?’ म्हटलं, तर मान खाली घालून म्हणाला, ‘टेन्शन आलं होतं, ताई.’

तेरा वर्षांच्या पोराला टेन्शनवरचं हे औषध सांगितलं कुणी? वडील रिक्षा चालवतात, सिगारेट ओढत नाहीत. (तंबाखू मळतात, ते वेगळं.) खोदून विचारल्यावर मोबाइलवर पाहिलेल्या सिनेमांची नावं त्यानं धडाधड सांगितली. त्यात २०१९ चा ‘कबीर सिंग’ही होता. ‘ए’ प्रमाणपत्राचा, म्हणजे प्रौढांसाठी. पण मोबाइलच्या दारात कुठला आलाय डोअरकीपर!

आमच्या वेळी धूर सोडायचा तो प्राणसारखा खलनायक, असं माझी आई म्हणते. अर्धंच खरं आहे ते. ‘हम दोनो’मधला (१९६१) देव आनंद आणि त्याचा लाइटर आठवला की तिचाच चेहरा खुलतो! कॉलेजात आम्ही मैत्रिणीही पडद्यावरच्या धुराला ‘काय स्टाइल आहे’ म्हणायचो. आज वर्गातल्या मुली ‘भारी दिसतो ना, ताई’ म्हणतात. आणि शेजारच्या रांगेतले मुलगे ते ऐकत असतात.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. पडद्यावरच्या धूम्रपानावर २००५ मध्ये बंदी आणणारे नियम निघाले, ते २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केले. मग २०१२ पासून सिनेमाआधी आणि मध्यंतरात जाहिरात, शिवाय दृश्यात खाली इशाऱ्याची ओळ आली. २०२३ पासून ओटीटीलाही हे लागू झालं. त्या जाहिरातीतल्या आवाजाची आमची मुलं झकास नक्कल करतात आणि हसतात. खालची ओळ वाचणारा मुलगा मला अजून भेटायचाय. सगळ्यांची नजर हीरोच्या चेहऱ्यावर. प्रेमभंग झाला, पेटव सिगारेट. अपमान झाला, पेटव. हीरोला खोकला कधी येत नाही, जिना चढताना धाप लागत नाही.

सरसकट बंदी घाला, असं मी म्हणत नाही. माणसं ओढतात, तर पडद्यावरही ओढतील. पण दुःख दाखवायला दिग्दर्शकाला दुसरं काही सुचूच नये? मला तरी हा आळस वाटतो.

टपरीवाल्याशी मी भांडलेच. अठरा वर्षांखालच्या मुलांना विकायची नाही, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकायची नाही, आणि महाराष्ट्रात तर २०२० मध्येच सुट्या सिगारेटच्या विक्रीवर बंदी आली. त्याचं उत्तर तयार होतं, ‘बापासाठी नेतो म्हणाला!’

‘ताई, आईला सांगणार?’ मुलानं विचारलं. ‘तूच सांग, मी येते बरोबर,’ म्हटलं. गेलो. ऐकल्याबरोबर तिचा हात उगारला गेला, पण तसाच खाली आला. म्हणाली, ‘संघातून काढलं, ते मला का नाही सांगितलंस रे?’ तेव्हा कुठं त्याला रडू फुटलं.