पदवीनंतर परिचर्या : परवडणारी वाट कोणती?

विज्ञान शाखेची पदवी हाती आली की कट्टा, पेंडूर, वराड या पंचक्रोशीतील अनेक घरांत एक प्रश्न हमखास उभा राहतो. मुलगी मालवणच्या वा कुडाळच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली असते. पुढे एम.एस्सी. करावे तर कोल्हापूर वा मुंबई गाठावी लागते, आणि त्यानंतरही नोकरीची शाश्वती नसते. अशा वेळी कोणीतरी सुचविते : "तिला नर्सिंगला का घालत नाही?" सल्ला वाईट नाही. परंतु त्यामागील हिशेब पुरता न मांडताच पैसे भरले जातात, आणि मग वर्षानुवर्षे कर्ज फेडावे लागते. तो हिशेब येथे मांडावा असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट मनाला रुचणारी नाही. आपल्या देशात परिचर्येच्या शिक्षणात विज्ञान पदवीला वेगळे स्थान नाही. अमेरिकेत अन्य विषयाच्या पदवीधरास साधारण वर्ष-दीड वर्षात परिचर्येची पदवी देणारे अभ्यासक्रम आहेत; इंग्लंडमध्ये पदवीधरांसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर मार्ग आहे. परदेशी असलेले नातेवाईक दूरध्वनीवरून हेच सांगतात आणि घरच्यांचा समज होतो की इथेही तसेच असेल. तसे नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, आणि पदवीधरालाही पहिल्या वर्षापासूनच आरंभ करावा लागतो. महाविद्यालयात शिकलेल्या सूक्ष्मजीवशास्त्राची वा जीवरसायनशास्त्राची वजावट मिळत नाही. "दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी" हे शब्द ऐकून काही पालक आशेने येतात. पण ती वाट फक्त जी.एन.एम. होऊन नोंदणी झालेल्या परिचारिकांसाठी आहे.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. प्रवेश पदवीच्या नव्हे, बारावीच्या गुणांवर ठरतो. बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी असावे लागते आणि खुल्या प्रवर्गास ४५ टक्के गुण लागतात. शिवाय राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा द्यावी लागते. बारावीला जीवशास्त्र सोडून गणित घेतलेल्या व पुढे भौतिकशास्त्रात प्रथम वर्ग मिळविलेल्या मुलीला हे दार बंदच. तिच्यासाठी जी.एन.एम. म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राची तीन वर्षांची पदविका उरते. तेथे कोणत्याही शाखेची बारावी ४० टक्क्यांनी चालते. दोन्हीकडे वयाची कमाल मर्यादा पस्तीस वर्षांची, त्यामुळे एकवीस-बावीस वर्षांच्या पदवीधरास वयाची अडचण प्रवेशाला येत नाही. ती येते नंतर.

कशी, ते पाहा. एकविसाव्या वर्षी बी.एस्सी. नर्सिंगला गेलेली मुलगी पंचविसाव्या वर्षी बाहेर पडते. जी.एन.एम. केलेली चोविसाव्या वर्षी. पण अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांच्या भरतीसाठी होणाऱ्या सामाईक परीक्षेत कमाल वय तीस, आणि जी.एन.एम. उमेदवारास किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभवही लागतो. म्हणजे ती सव्विसाव्या वर्षी पात्र होते आणि तिच्या हाती तीन-चारच वर्षे उरतात. प्रवेशात एक वर्ष वाया गेले, तर त्यातले एक गेले. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खुल्या प्रवर्गास अडतीस वर्षांपर्यंत मुभा असल्याने तेथे घाई कमी. अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून सुरू होते.

आता पैशाकडे वळू. शासकीय संस्थेत प्रवेश मिळाला तर प्रश्न बराचसा सुटतो; खरी अडचण खासगी संस्थेच्या जागेची. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ केले. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे खुल्या प्रवर्गात मोडतात. त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला तहसील कार्यालयातून वेळीच काढावा. प्रवेश मात्र केंद्रीय फेरीतूनच झालेला हवा. संस्था पातळीवरच्या, म्हणजे मॅनेजमेंट कोट्याच्या जागेला ही सवलत नाही.

आणि येथेच पदवीधराची कोंडी होते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत एक दंडक दीर्घकाळ आहे : एका पातळीचे शिक्षण पूर्ण करून त्याच पातळीवर दुसरा विषय घेणाऱ्यास शिष्यवृत्ती नाही. एक पदवी झाली, आता दुसरी पदवी स्वखर्चाने. बारावीनंतर थेट नर्सिंगला गेलेल्या धाकट्या बहिणीला जे मिळते, ते थोरलीला मिळेलच असे नाही. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेकडून व समाजकल्याण कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी आश्वासनावर पैसे भरू नयेत.

हे सारे लक्षात घेता, ज्या घरात ठेव नाही आणि जमीन गहाण टाकण्याची तयारी नसावी, त्या घरातील पदवीधर मुलीने प्रथम शासकीय वा जुन्या धर्मादाय रुग्णालयाच्या शाळेतील जी.एन.एम. पाहावे, असे आमचे मत आहे. मुंबईत वांद्र्याचे होली फॅमिली व अंधेरीचे होली स्पिरिट ही रुग्णालये परिचर्येचे शिक्षण देतात. पदविका घेऊन नोकरी धरावी आणि पोस्ट बेसिकची दोन वर्षे पुढे कमाईतून करावीत. एकूण वर्षे पाच होतात, एक जास्त. पण कर्जाचा बोजा उरत नाही. आम्हांस पदविका कमी दर्जाची वाटत नाही. आपल्या गावांतील कितीतरी बाळंतपणे पदविकाधारक परिचारिकांनीच पार पाडली आहेत.

आणखी एक वाट फारशी कोणी सांगत नाही : सैनिकी परिचर्या सेवा. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईचे नौदलाचे अश्विनी रुग्णालय यांसह सैन्यदलांच्या संस्थांत चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग विनाशुल्क शिकविले जाते. निवास-भोजनाची सोय असते आणि नंतर सैन्यात अधिकारी म्हणून सेवा करण्याचा करार असतो. अटी कडक आहेत. मुलगी अविवाहित हवी, बारावी जीवशास्त्रासह पहिल्याच प्रयत्नात ५० टक्क्यांनी उत्तीर्ण हवी, 'नीट' परीक्षा दिलेली हवी आणि वय साधारण पंचविशीच्या आत हवे. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलीला एखाद-दोन प्रयत्नांपुरता अवकाश आहे.

जर्मनीचाही बोलबाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेनबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेथील परिचर्येचे तीन वर्षांचे शिक्षण शिकताना वेतन देणारे आहे. परंतु जर्मन भाषा चांगली यावी लागते आणि त्यासाठी इथे वर्षभर तरी झिजावे लागते. "भाषा नंतर शिका, आधी दोन लाख भरा" म्हणणाऱ्या एजंटापासून दूर राहावे. (परिचारिकेचे परदेशाशी नाते या भागाला नवे नाही. शेजारच्या वराडचे डॉ. अशोक वराडकर यांची पत्नी मिरियम ही आयरिश परिचारिका. दोघांची गाठ इंग्लंडमधील रुग्णालयात पडली. त्यांचे पुत्र लिओ २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि २०१९ च्या डिसेंबरात वराडला येऊन गेले.)

शिकून झाल्यावर हाती काय पडते, हा प्रश्न घरात क्वचितच विचारला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली की पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयाने शासकीय वेतनाइतके द्यावे. केरळने, परिचारिकांच्या आंदोलनानंतर, २०१८ मध्ये २०,००० रुपये किमान मूळ वेतनाची अधिसूचना काढली. जेथे अशी सक्ती नाही तेथे शिफारस कागदावरच राहते. कर्जाचा हप्ता ठरविताना म्हणूनच शासकीय वेतनाचा आकडा धरू नये. जवळच्या खासगी रुग्णालयात पहिल्या वर्षी प्रत्यक्ष काय देतात ते तेथे काम करणाऱ्या मुलींना विचारावे. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊन सेवेचा बॉण्ड लिहून घेणाऱ्या ठिकाणी सही करू नये, हेही त्याच ओघात.

परिचर्या परिषदेचा १९४७ चा कायदा बदलण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला. विज्ञान पदवीधरांसाठी दोन-अडीच वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम का नको, हा प्रश्न त्या आयोगापुढे मांडण्याजोगा आहे. आपल्या खासदारांकडे तो लेखी पाठवावयाचा झाल्यास मसुदा तयार करण्यास आम्ही पालकांस साह्य करू.