ग्रंथ पूजिला, पण वाचिला काय?

मार्गशीर्ष हा भगवंताने आपली विभूती म्हणून गौरविलेला मास होय. याच मासात गीताजयंती येते, दत्तजयंतीच्या निमित्ताने घरोघरी श्रीगुरुचरित्राचे सप्ताह बसतात, आणि बहुधा याच सुमारास आमच्या ख्रिस्ती बांधवांचा नाताळही असतो. या तिन्ही उत्सवांच्या पाठीशी ग्रंथ उभे आहेत. तेव्हा ग्रंथ वाचल्याने श्रद्धा वाढते की डळमळते, या प्रश्नाचा विचार करण्यास हा काळ उचित आहे.

या विचारासाठी आम्ही दृष्टान्त घेणार आहोत तो मराठी ख्रिस्ती परंपरेचा. कीर्तनकाराने परधर्माचा दृष्टान्त का घ्यावा, अशी शंका काही भाविकांस येईल. तिचे उत्तर दत्तजयंतीतच आहे. अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांत अजगर होता, मधमाशी होती, पिंगला होती. ज्याच्यापासून जे घेण्यासारखे आहे ते घ्यावे, ही दत्तसंप्रदायाची शिकवण आहे.

प्रथम गोमंतकाकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ आहे. तो का रचला गेला, याची हकीकत ग्रंथाच्या आरंभीच आली आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक गृहस्थ पाद्रींना विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तर वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे तरी काय? पोर्तुगीज अमलात त्या लोकांवर जे गुदरले ते इतिहासास ठाऊक आहे आणि त्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु त्या गृहस्थाची मागणी ध्यानात घ्या. देव बदलला, नाव बदलले, तरी पुराणश्रवणाची भूक काही शमली नाही. स्टीफन्स यांनी ती भूक ओळखली आणि ज्ञानोबा-एकनाथांच्या ओवीतच तिचे अन्न शिजविले. रविवारी व सणावारी ते पुराण चर्चमध्ये वाचले जाई. त्या जुन्या मुद्रित आवृत्त्यांची प्रत आज आढळत नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांच्या आधारे, आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे पुन्हा छापला गेला. वाचणारे होते म्हणून तो टिकला.

दुसरा दृष्टान्त आमच्याच पुणे जिल्ह्यातला आहे. पंडिता रमाबाई या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. हे कुटुंब तीर्थोतीर्थी, देवळांतून पुराणे वाचीत हिंडे. रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या वाचनाचे वर्णन आहे. संस्कृत पाठ मोठ्याने म्हणावयाचा, अर्थ सांगण्याची गरज नाही. शब्द कानी पडले की पुण्य घडले, अशी समजूत होती. ज्या विदुषीस कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, तिचे हे निरीक्षण आहे. ते सहज झटकून टाकता येत नाही.

पुढे त्यांच्या हाती लूकच्या शुभवर्तमानाची प्रत आली, आणि १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र तेवढ्याने आपणांस समाधान लाभले नाही, धर्म लाभला पण ख्रिस्त लाभला नव्हता, असे त्या पुढे सांगत. ते समाधान त्यांना कित्येक वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना गवसू लागले. दीक्षा एका दिवसाची असते, श्रद्धा मात्र वाचता-वाचता पिकत जाते, हे यावरून दिसते. मग केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. अल्पशिक्षित स्त्रियांस कळेल अशा सोप्या मराठीत सबंध बायबल उतरविण्यासाठी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. १९२२ मध्ये त्या वारल्या, आणि तो ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची छपाई मिशनच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून झाली. संस्कृताचा सागर प्यालेल्या बाईने सोप्या शब्दांसाठी इतके कष्ट घ्यावेत, ही गोष्ट आम्हा संस्कृत पंडितांनी मनात धरण्यासारखी आहे.

तिसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. राजनांदगावच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला ‘नवा करार’ त्यांनी वाचला, आणि १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यांनी तुकोबांस टाकले नाही. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते म्हणत. त्यांची पदे मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गायिली जातात. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, ज्यांचे शिक्षण घरच्या घरी, जेमतेम झालेले होते.

आता भाविक वाचक आम्हांस थांबवून विचारतील, “बुवा, ही तर घर सोडून गेलेल्यांची उदाहरणे! वाचले म्हणूनच गेले ना?” प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे बायबलचे खंडन करण्यासाठी ते वाचावयास बसले आणि १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले, हेही आम्हांस ठाऊक आहे. परंतु त्याच शतकात मोरभट्ट दांडेकरांनी १८३१ मध्ये मुंबईस मिशनऱ्यांशी वाद घातला, आणि विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ मध्ये समुद्रकिनारी उभे राहून त्यांच्या प्रश्नांस उत्तरे देत होते. या दोघांच्या हाती शस्त्र नव्हते, बहिष्काराचा धाक नव्हता, अभ्यास होता. जो गेला त्याला पुस्तकाने नेले, असे म्हणून आपण मोकळे होतो. त्याच्या प्रश्नास घरात कोणी उत्तर दिले होते काय, हे मात्र विचारीत नाही. रमाबाईंना त्यांच्या शास्त्रवाचनात स्त्रियांविषयी जी वचने आढळली, त्यांनी त्यांचे मन विटले. त्यांच्याशी त्या वचनांचा विचार करणारे किती शास्त्री होते?

मुळशी तालुक्यातील नेरे येथे एका सप्ताहात आम्हांस याचा प्रत्यय आला. एकेकाळी भातखाचरांचे असलेले हे गाव, आता शेजारी हिंजवडीची संगणकनगरी उभी आहे. कीर्तनानंतर एक सून पुढे येऊन नमस्कार करून म्हणाली, “बुवा, मी दर वर्षी पारायण करते, पण अध्याय संपला की काय वाचले ते सांगता येत नाही. माझ्या कचेरीत वसईची एक ख्रिस्ती मैत्रीण आहे. ती रोज रात्री मुलांना बायबलातला एक उतारा वाचून दाखविते आणि मुले तिला प्रश्न विचारतात. आपल्याकडे असे चालते का?” आम्ही बोलण्याआधीच एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “सूनबाई, पोथीला प्रश्न विचारायचे नसतात.”

त्या गृहस्थांच्या वयाचा मान राखूनही आम्हांस त्यांचे म्हणणे मान्य नाही. सारी गीता अर्जुनाच्या प्रश्नांवर उभी आहे. भागवत परीक्षितीच्या प्रश्नावर, आणि गुरुचरित्र नामधारकाच्या प्रश्नांवर चालते. प्रश्न काढून टाकला तर आमच्या पोथ्यांत उरेल काय? पारायणाचे पावित्र्य आम्ही कमी लेखीत नाही. नियमाने बसणे, वाणी शुद्ध राखणे, मन एका ठिकाणी आणणे, हे त्याचे फळ आहेच. परंतु शास्त्राने श्रवणापुढे मनन आणि निदिध्यासन सांगितले आहे. पहिल्या पायरीवरच आसन मांडून बसलेल्यास गाभारा दिसत नाही.

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आपल्या समाजासाठी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचे देहावसान झाले. धर्मग्रंथ आजच्या मराठीत घरी पोचला पाहिजे, या ध्यासाने त्यांनी परिश्रम केले. सार्थ ज्ञानेश्वरी, सार्थ गाथा आमच्याकडे केव्हाच्या उपलब्ध आहेत. उणीव आहे ती सायंकाळच्या अर्ध्या तासाची, जो आता भ्रमणध्वनीच्या पडद्याने गिळला आहे.

म्हणून माता-भगिनींस आणि गृहस्थांस आमचे सांगणे एवढेच. या गीताजयंतीपासून रोज दोन श्लोक अर्थासह मोठ्याने वाचावेत. गीतेचे सातशे श्लोक वर्षाच्या आत पुरे होतात. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या रोज दहा वाचल्या तर अडीच वर्षांत होतात. मुलाने शंका विचारली तर दटावू नये. उत्तर ठाऊक नसेल तर “उद्या विचारून सांगतो” म्हणावे, आणि खरोखर विचारावे. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाचा ग्रंथ घरात आला तर त्यास भिऊ नये. ज्याने स्वतःचा ग्रंथ समजून वाचला आहे, त्याला दुसऱ्याच्या ग्रंथाचे भय उरत नाही. आणि ज्याने तो केवळ रेशमी वस्त्रात गुंडाळून ठेवला, त्याची श्रद्धा कोणी नेण्याची वाट पाहत नाही, ती घरातल्या घरात सुकते. वस्त्र सोडावे, हळदकुंकू वाहावे, आणि मग पान उघडावे.