घराचा शोध की शाळेचा?

एप्रिल-मे महिने आले की सरकारी कचेऱ्या, बँका आणि महामंडळे यांतून बदल्यांचे हुकूम निघू लागतात. हुकूम हाती पडल्यावर कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या घरात पहिली चर्चा नव्या गावातील पाण्याची, बाजाराची वा हवामानाची होत नाही. ती होते शाळेची. ‘मुलाला कोठे घालायचे?’ या एका प्रश्नाभोवती बाकीचे सारे प्रश्न फिरू लागतात. एके काळी माणसे नोकरीच्या जागेजवळ बिऱ्हाड करीत आणि जवळच्या शाळेत मुलाचे नाव घालीत. आता हा क्रम उलटला आहे. आधी शाळा ठरते, मग तिच्या परिसरात घर शोधले जाते आणि कचेरीला जाण्यायेण्यास किती वेळ लागेल, याचा हिशेब सर्वांत शेवटी होतो.

यात पालकांना दोष देण्याचे कारण नाही. मुलाचे वय वाट पाहत नाही. पहिली-दुसरीत वाचन आणि अंकज्ञान कच्चे राहिले, तर ते पुढे भरून काढणे किती अवघड असते, हे शिक्षकांस तरी सांगावयास नको. तेव्हा बदली झालेल्या माणसाने चांगल्या शाळेजवळ घर पाहणे हे शहाणपणाचेच आहे. प्रश्न असा की, प्रत्येकाचे हे शहाणपण एकत्र आले म्हणजे त्यातून समाजाच्या वाट्याला काय येते?

भाड्यात दडलेली फी

एक साधा हिशेब मांडून पाहावा. लातूरहून पुण्यास बदलून आलेल्या एखाद्या बँक कर्मचाऱ्यापुढे दोन घरे आहेत, असे समजू. नामांकित शाळेच्या परिसरातील दोन खोल्यांना महिना अठरा हजार भाडे पडते. तेवढ्याच दोन खोल्या चार किलोमीटर पलीकडे बारा हजारांत मिळतात. महिन्याला सहा हजार, म्हणजे वर्षाला बहात्तर हजार रुपयांचा हा फरक भिंतींचा नाही की नळाच्या पाण्याचाही नाही. त्यातील मोठा भाग शाळेचा आहे. ही रक्कम शाळेच्या पावतीपुस्तकात दिसत नाही आणि ती शाळेला मिळतही नाही. ती घरमालकाच्या खिशात जाते. कर्मचाऱ्याचा घरभाडे भत्ता शहराच्या वर्गानुसार ठरतो, शाळेच्या अंतरानुसार नव्हे. म्हणजे ही अदृश्य फी त्याला पगारातूनच भागवावी लागते.

अर्थशास्त्रात हा विषय नवा नाही. चार्ल्स टीबू या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९५६ साली असा विचार मांडला की, स्थानिक संस्था निरनिराळ्या दर्जाच्या सेवा देऊ लागल्या म्हणजे नागरिक मतपेटीपेक्षा आपल्या पायांनी निवड करतात. जेथील सेवा पसंत पडतील तेथे राहावयास जातात. पुढे १९९९ साली सँड्रा ब्लॅक यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्राथमिक शाळांच्या हद्दी घेऊन हद्दीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या घरांच्या किमतींची तुलना केली. शाळेचे परीक्षागुण पाच टक्क्यांनी अधिक असले, तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के जादा किंमत देतात, असे त्यांना आढळले. एकाच वस्तीतील, एकाच धाटणीची घरे. भेद एवढाच की कोणत्या घरातील मूल कोणत्या शाळेत जाणार.

अमेरिकेत निदान ती शाळा सरकारी असते आणि हद्दीत राहणाऱ्यास तेथे हक्काने प्रवेश मिळतो. आपल्याकडे पालक घरासाठी जादा भाडे देतो, शिवाय खासगी शाळेची फी भरतो आणि इतके करूनही प्रवेशाची खात्री त्याला नसतेच. एकाच वस्तूची किंमत दोनदा मोजून ती हाती पडेल की नाही, याची धास्ती बाळगावयाची, असा हा व्यवहार आहे.

निकालाचा भ्रम

ज्यासाठी एवढी किंमत मोजली जाते, ते नेमके काय असते? बहुतेक पालक शाळेची पारख तिच्या दहावीच्या निकालावरून करतात. पण पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीने दहावीचा निकाल हा फार दूरचा आणि बराचसा फसवा पुरावा आहे. ज्या शाळेत शिकलेल्या आणि मिळवत्या पालकांची मुले येतात, जेथे घरी अभ्यास घेणारे आणि शिकवणीचे पैसे भरणारे कोणी असते, त्या शाळेचा निकाल चांगला लागणारच. त्यात शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, हे निकालपत्रक सांगत नाही.

प्राथमिक शाळेची पारख वेगळ्या गोष्टींवरून करावी लागते. वर्गात मुले किती आणि शिक्षक किती? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन, एकशे वीसपर्यंत चार आणि दोनशेपर्यंत पाच शिक्षक हवेत. तेवढे शिक्षक प्रत्यक्ष वर्गावर असतात की निवडणुकीच्या, सर्वेक्षणाच्या आणि माहिती भरण्याच्या कामी गुंतलेले असतात? तिसरीतील मूल न अडखळता गोष्ट वाचते काय? घरी जी भाषा बोलली जाते, त्या भाषेत पहिली दोन वर्षे तरी समजावून दिले जाते काय? सहा वर्षांच्या मुलाला मोठा रस्ता न ओलांडता पायी शाळेत जाता येते काय? एखाद्या सकाळी शाळेत तासभर बसून आल्यास यातील पुष्कळशा प्रश्नांची उत्तरे मिळतात. असे करणारे पालक फार थोडे. बाकीचे शाळेच्या कमानीवरून, बसगाड्यांवरून आणि शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून निर्णय घेतात व त्याप्रमाणे अकरा महिन्यांचा भाडेकरार करून मोकळे होतात.

बदली मे महिन्यात, प्रवेश त्याआधीच

त्यात वेळापत्रकाचा घोळ आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे नियमन करणारा महाराष्ट्राचा २००५ चा कायदा सांगतो की, बदल्या सामान्यतः वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात व्हाव्यात. शाळेचे वर्ष मध्येच मोडू नये, हा त्याचा एक मोठा लाभ. परंतु नावाजलेल्या खासगी शाळांचे प्रवेश त्यापूर्वी कित्येक महिने आटोपलेले असतात. मे अखेरीस सामान घेऊन आलेल्या कुटुंबाला ‘जागा भरल्या’ एवढेच उत्तर मिळते. पंचवीस टक्के राखीव जागांची सोडतही बहुधा तोवर होऊन गेलेली असते. तिच्यासाठी भाडेकरूने नोंदणीकृत करार दाखवावा लागतो; आणि ज्याला अद्याप घरच मिळालेले नाही, त्याने करार कोठून आणावा?

केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांपुरता हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. वारंवार बदली होणाऱ्यांच्या मुलांसाठी १९६३ पासून केंद्रीय विद्यालये सुरू झाली. तेथे प्रवेश देताना पालकाच्या बदल्यांची संख्याही विचारात घेतली जाते. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांचा क्रम मात्र तेथे नंतर लागतो आणि खासगी नोकरीतील माणसाचा त्याहूनही नंतर. तालुक्याच्या गावी बदलून गेलेल्या राज्य सरकारी कारकुनाला ती सोय बहुधा नाहीच.

मग त्याच्यासाठी कोणते दार उघडे आहे? याचे उत्तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे आणि ते बदलीच्या प्रत्येक पालकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. कायद्याचे पाचवे कलम सांगते की, कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागणाऱ्या मुलाला, मग तो बदल राज्यात असो वा राज्याबाहेर, दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या प्रमुखाने दाखला ताबडतोब द्यावयाचा आहे आणि दाखला येण्यास विलंब झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवून धरता येत नाही. मात्र हा हक्क सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांपुरता आहे. विनाअनुदानित खासगी शाळा त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे जून असो वा नोव्हेंबर, बदली झालेल्याच्या मुलासाठी ज्या शाळेचे दार कायद्याने उघडे आहे ती शाळा महापालिकेची, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित संस्थेची. आणि बदलीच्या नोकरीतील वर्गाने पाठ फिरविली आहे, ती नेमकी याच शाळांकडे! ज्या वर्गाला शेजारच्या सार्वजनिक शाळेची सर्वांत अधिक गरज, त्यानेच तिची चिंता करणे सोडून द्यावे, हा या प्रश्नातील खरा विरोधाभास आहे.

निवड न करता स्थलांतर करणारे

घर बदलणाऱ्यांत आणखी एक मोठा वर्ग आहे. त्याला हुकूम येत नाही आणि भत्ताही मिळत नाही. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या दिशेने निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यांची मुले शाळेचे अर्धे वर्ष एका गावी आणि अर्धे फडावर काढतात. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आले. तरीही ज्या गावात तळ पडेल, तेथील जिल्हा परिषदेची शाळा सुस्थितीत आहे की नाही, यावरच अखेर सारे अवलंबून असते. शहरातील बांधकामावर येणाऱ्या मजुरांचेही तेच. हे लोक शाळा पाहून घर निवडीत नाहीत. काम नेईल तेथे राहतात. शाळेची गुणवत्ता घरभाड्याला बांधली गेली, म्हणजे या मुलांच्या वाट्याला काय उरते, हे सांगावयास अर्थशास्त्राची गरज नाही.

शेजारशाळेचा विसर

हे सारे पूर्वी कोणाच्या ध्यानात आले नव्हते, असे नाही. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शेजारशाळेची कल्पना आग्रहाने मांडली होती. परिसरातील सर्व मुलांनी, जात, धर्म वा उत्पन्न न पाहता, एकाच शाळेत शिकावे. तसे झाले म्हणजे सुस्थितीतील पालकांनाही त्या शाळेच्या दर्जाकडे लक्ष पुरवावेच लागेल, असा त्यामागील विचार होता. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांचे कोल्हापुरातील शैक्षणिक कार्य महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ही दिशा तत्त्वतः मान्य केली. प्रत्यक्षात ती कागदावरच राहिली.

उलट दिशेचे पाऊल मात्र महाराष्ट्रात अलीकडेच टाकले गेले. ज्या विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्के राखीव जागांच्या बंधनातून सूट देणारी अधिसूचना ९ फेब्रुवारी २०२४ रोजी निघाली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द ठरविली. ती टिकली असती, तर एकाच गल्लीतील मुलांची दोन शाळांत कायमची वाटणी झाली असती.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: सार्वजनिक शाळा सुधारण्याच्या प्रयोगात आपल्या मुलाचा बळी कोणी का द्यावा? आक्षेप रास्त आहे. सरकारी पगार घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेतच घालावीत, असा निर्णय अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये दिला होता. पण त्याची अंमलबजावणी झाली नाही. सक्तीने असले प्रश्न सुटत नाहीत. पण सार्वजनिक शाळा चांगली झाली की सक्तीची आवश्यकताही राहत नाही, याचे दाखले याच राज्यात आहेत. मुंबई महापालिकेने २०२० पासून केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळा सुरू केल्या, तेव्हा जागांपेक्षा अर्ज अधिक आले आणि सोडत काढावी लागली. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेश मिळावा म्हणून बाहेरगावच्या पालकांनीही रांग लावली. मध्यमवर्गाला सार्वजनिक शाळेचे वावडे नाही. त्याला वाईट शाळेचे वावडे आहे.

तेव्हा करावयाचे काय? काही गोष्टी तर फारशा खर्चाच्या नाहीत. बदल्यांचे हुकूम एप्रिलअखेर निघावेत. प्रत्येक प्रभागातील सर्व शाळांच्या इयत्तावार रिकाम्या जागा मे महिन्यात जाहीर व्हाव्यात. राखीव जागांच्या प्रवेशासाठी बदलीचा हुकूम किंवा कामाच्या जागेचा दाखला हाच रहिवासाचा पुरावा मानावा. खर्चाची गोष्ट एकच आणि तीच सर्वांत महत्त्वाची: शिक्षकांची रिक्त पदे भरावीत आणि त्यांना वर्गाबाहेरच्या कामांतून मोकळे करावे. शासनाने एवढे केले, तर पालकांचे कर्तव्य उरते ते शेजारच्या शाळेत निदान एकदा जाऊन पाहण्याचे आणि न पाहताच तिला नापास न करण्याचे.

ज्या शहरात चांगल्या शाळेसाठी घर शोधावे लागते, त्या शहरात शाळा थोड्या आणि घरमालक भाग्यवान असतात. बदलून आलेल्या माणसाने नव्या गावी कोठेही बिऱ्हाड टाकावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचे बोट धरून कोपऱ्यावरच्या शाळेत निश्चिंत मनाने जावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. कायद्याने हे वचन २००९ सालीच दिले आहे. ते वचन पाळले जाईपर्यंत दर मे महिन्यात शाळेची फी घरमालकांकडे जमा होत राहील.